एकसष्टावं पान

आमच्या घरात एक मराठी पुस्तक होतं, ते उर्दूसारखं उघडायचं. पुठ्ठा डाव्या कडेनं उचलायचा आणि पानं उजवीकडे टाकत जायची. अक्षरं मात्र आपली सरळ मराठी, त्यामुळे डोळे एका दिशेला आणि हात दुसऱ्या. ही करामत माझ्या अब्बांची. नंदुरबारला मिरची बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दीड खोलीचं घर होतं आणि पुढच्या अर्ध्या खोलीत अब्बा पुस्तकं-रजिस्टरं बांधायचे. हे पुस्तक एका लायब्ररीतून आलेलं, मधली घडी झिजून सगळी पानं सुटी झालेली. त्याच आठवड्यात मदरशाचे चाळीस उर्दू कायदे, म्हणजे मुलांची अक्षरओळखीची पुस्तकं, बांधायला आले होते, आणि अब्बांचा हात एकदा एका वळणाला लागला की लागला. उर्दू ते वाचायचे. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक नको त्या कडेनं शिवलं, वर कडा कापून गुळगुळीतही केल्या. लायब्ररीवाले हसले आणि पुस्तक नाकारून गेले. पुन्हा उसवून दुसऱ्या कडेनं शिवायला समास उरला नव्हता. अब्बा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की यापुढे मराठी पानं लावायचं काम माझं. मी तेव्हा दहावीला होते.

अशा रीतीनं मी माझ्या बापाची मराठी नजर झाले. शाळेतून आलं की सुटी पानं क्रमानं लावायची, वरची बाजू कोणती, शिवण कुठल्या कडेला, हे बोटानं दाखवायचं. अब्बा शिवायचे. शिवताना दोऱ्याचं टोक दातात धरलेलं असायचं, त्यामुळे बोलणं नसे. मुळातही ते फार बोलणारे नव्हते; माय गेल्यावर तर दोरा ही एक सोयच झाली. माय गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तोवर आम्ही कोरीटच्या पलीकडच्या एका खेड्यात राहत होतो. त्या खेड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, माणसं अजून आहेत. अब्बा तिथून रोज सायकलनं नंदुरबारच्या एका जिल्दसाजाकडे, पुस्तकं बांधणाऱ्याकडे, कामाला यायचे. माय गेली आणि त्यांना ते घर खायला उठलं, म्हणून आम्ही शहरात आलो. पण शहरातले आमचे नातेवाईक उर्दूमिश्रित हिंदी बोलायचे आणि आमच्या तोंडी अहिराणी. मी ‘मन्हं’, ‘तुन्हं’ म्हटलं की मावसबहिणी पदराआड हसायच्या. शाळेत मराठी ते पुस्तकातलं. म्हणजे तीन भाषा, आणि बोलायला कुणी नाही. खोटं कशाला सांगू, मी फार एकटी होते. संध्याकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापायची, लाल मिरचीचा ठेचा वाटायचा, दोन ताटं वाढायची, आणि सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी होईपर्यंत भिंतीकडे बघत बसायचं. मोसमात पथारीवर, वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, मिरची पडली की सगळी गल्ली शिंकायची. कुणीतरी शिंकलं की बरं वाटायचं, शेजारी माणूस आहे एवढं तरी कळायचं.

त्या दिवसांत मला सोबत त्या उलट्या पुस्तकाची झाली. पहिली काही पानं मुळातच हरवली होती, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, लिहिणारा कोण, हे मला कधी कळलं नाही. विषय होता युरोपातल्या जुन्या विद्वानांचा. पाच-सहाशे वर्षांपूर्वी इटलीत काही माणसांना जुन्या ग्रंथांचं वेड लागलं. मठांच्या कोठारातून ते धूळ खात पडलेल्या पोथ्या उकरून काढत आणि म्हणत, कुणी सांगितलेलं पुरे, मूळ पान दाखवा. त्यांतला एक जण तर हजार-दीड हजार वर्षांपूर्वी मेलेल्या लेखकांना पत्रं लिहायचा. ‘तू असं का वागलास, मला तुझा राग आला’ अशी, घरच्या माणसाला लिहावीत तशी. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि रडले. मेलेल्यांना पत्र लिहिता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी मायला कागदाच्या कातरणांवर पत्रं लिहू लागले. अब्बा ती कातरणं खळ शिजवायच्या चुलीत टाकायचे, त्यांना काय माहीत.

दुसरं एक प्रकरण कागदाचं होतं. कुणा सम्राटानं धर्मपीठाला मोठा मुलूख दान दिल्याचा एक जुना दस्त होता. शेकडो वर्षं सगळे त्याच्यापुढे मान लववत आले. मग एका पंडितानं तो नुसता नीट वाचला, आणि दाखवून दिलं की त्यातली भाषा, त्यातले हुद्दे त्या सम्राटाच्या काळचे नाहीतच. दस्त बनावट आहे. फौज नाही, तलवार नाही, एक माणूस आणि एक कागद. या प्रकरणानं मला आयुष्याची एक खोड लावली. कागद काय म्हणतो हे बघण्याआधी तो कुठून आला हे मी बघते. पुढे तीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. त्या विषयाला आठवड्यात दोन तास, तेही जेवणाच्या सुट्टीनंतरचे, निम्मा वर्ग पेंगत असायचा. तरी मी दर वर्षी मुलांना त्या दस्ताची गोष्ट सांगायचे आणि मग गावाचा ठराव काय असतो ते सांगायचे. हेडमास्तर म्हणायचे, बाई, हे अभ्यासक्रमात नाही. मी म्हणायचे, नसू द्या.

पुस्तकाच्या शेवटी आपल्या राज्यघटनेवर एक प्रकरण होतं. लिहिणारा म्हणत होता की सृष्टीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, पण माणसाची नसते; तो आपली जागा आपण करतो. हा त्या विद्वानांचा विचार आपल्या घटनेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ होऊन आला आहे. मला ते भलतंच आवडलं. आज वाटतं, लिहिणाऱ्यानं थोडी घाई केली. ते विद्वान राजेरजवाड्यांच्या पंक्तीला जेवणारे. त्यांचा तो माणूस म्हणजे लॅटिन येणारा बाप्या. माझी माय, चूल, शेण, तिचा दमा हे त्या माणसात कुठे बसत होतं? तिला आत घेऊन बसवलं ते आपल्या घटनेनं, तिनं काही वाचायची वाट न बघता. पण हे आजचं शहाणपण. तेव्हा मला शिकलेला आणि अडाणी एवढाच भेद कळायचा, आणि त्याचा मला ताठाही होता.

हे सगळं डोक्यात असताना एका दुपारी अण्णा आमच्या दुकानात आले. अण्णा म्हणजे आमच्या जुन्या खेड्यातले मोठे शेतकरी आणि पंचायतीचे पुढारी. आठ-दहा गावांची दप्तरं तेच सांभाळायचे आणि त्या सगळ्या गावांचं बांधणीचं काम अब्बांना द्यायचे. आमची चूल त्यांच्या कामावर पेटत होती म्हटलं तरी चालेल. माणूस वाईट नव्हता. मायला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा बैलगाडी त्यांनीच जुंपून दिली होती, हे मी विसरलेले नाही. त्या दिवशी त्यांनी गावसभेचं जुनं रजिस्टर आणलं. वाळवीनं पाठ खाल्ली होती. अब्बांनी ते उसवलं आणि पानं माझ्यापुढे सरकवली.

पानं लावता लावता मी थांबले. एका ठरावाखाली हजर असलेल्यांची नावं होती, कुणाच्या सह्या, बायकांचे बहुतेक अंगठे. त्यांत एक सही होती: हमिदाबी. ‘मि’ची वेलांटी एवढी लांब की वरच्या ओळीत घुसलेली. ती माझ्या मायची सही, आणि ती तिला मीच शिकवली होती. मी दुसरीत होते. अब्बा दुकानातून पुठ्ठ्याचे तुकडे आणायचे, त्यांवर कोळशानं मी नाव काढून द्यायचे आणि माय भाकरी भाजता भाजता ते गिरवायची. पावसाळाभर गिरवलं. सही आली तेव्हा तिनं शेजारणींना बोलावून दाखवली आणि त्यानंतर म्हणायची, आता मी अंगठा कुठं लावायची नाही. तिचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. तिची म्हणून घरात एक ओढणी आणि एक वरवंटा. आणि आता हे पान. अब्बा बाहेर खळ ढवळत होते. मी ते पान उचललं आणि उलट्या पुस्तकात घातलं. चोरीच ती. त्या पुस्तकात लिहिलं होतं की मठातल्या पोथ्या काही विद्वानांनी वाचायला म्हणून नेल्या आणि परत दिल्याच नाहीत, हा दाखला मी स्वतःला देऊनही टाकला. रोज शाळेतून आले की हात धुऊन ते पान बघायचे. वेलांटीवरून बोट फिरवायचे. चार दिवस मी खरंच सुखात होते.

पाचव्या दिवशी अण्णा पुन्हा आले. त्यांच्या हातात एक सुटं पान होतं. “रहीमभाई, हाई एक पान ऱ्ही गयं. मधमा कोठे तरी शिवी टाका,” म्हणाले, चहा पिऊन गेले. अब्बांनी पान माझ्याकडे दिलं, तारखेप्रमाणे जागा बघ म्हणून. मी वाचलं. नाल्याकाठच्या गायरानावरच्या झोपड्या गावाच्या मर्जीनं उठवाव्यात आणि ती जमीन एका सहकारी मंडळीला द्यावी, असा ठराव. तारीख मायच्या शेवटच्या उन्हाळ्याची, तिच्या त्या सहीनंतर महिन्याभराची. त्या झोपड्यांतून भिलांची बारा-चौदा घरं राहायची. झिमलीबाई तिथलीच, मायला दम लागला की रानातला पाला आणून द्यायची. खाली हजर असलेल्यांची नावं. त्यांत हमिदाबी, आणि पुढे निळा, मोठा, ठसठशीत अंगठा.

मला आधी काही कळेना, मग उलगडलं: पान आताच लिहिलेलं होतं, तारीख तेवढी जुनी घातली होती. अण्णांनी बायकांची नावं गावच्या जुन्या यादीवरून उतरवली असणार. मेलेल्या बाईचं नाव सोयीचं, ती काही विचारायला येत नाही. पण एका जिल्दसाजाच्या बायकोला सही येत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं रजिस्टर त्यांच्याच हाताखाली, आणि ती सही त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी गप्प बसले असते तर ते पान शिवलं गेलं असतं. अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं आणि गावात कुणी रजिस्टर उघडत नव्हतं. आणि बोलायचं तर माझं पान जाणार होतं, अब्बांचं काम जाणार होतं. दोन दिवस मी नुसती बाकीची पानं लावत राहिले. मायला पत्र लिहायला बसले तर हात चालेना. तिला काय लिहिणार, तुझ्या नावानं कुणी अंगठा मारलाय आणि मी बघत बसलेय म्हणून? तिसऱ्या दिवशी दुपारी अब्बा सुईत दोरा ओवत असताना मी म्हटलं, “अब्बा, हाई पान खोटं शे.”

त्यांनी दोरा दातातून काढला. “तुले कसं समजनं?”

मी सांगितलं, की मायच्या नावापुढे अंगठा आहे आणि माय तर सही करायची. ते म्हणाले, तिची सही आता कुणाला आठवते, कुणी पाहिली आहे. मग मला उठावंच लागलं. मी उलटं पुस्तक आणलं, उघडलं, आणि पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं, पण ती वेलांटी त्यांनी ओळखली. त्यांच्या पुठ्ठ्यांवरच ती वाढली होती. मला वाटलं मारतील. मी आधीच म्हटलं, हे पान मी देणार नाही, हे माझ्या मायचं आहे.

“तुन्ही मायनी सही तुन्हासाठे नही करेल शे,” अब्बा म्हणाले. “गावसाठे करेल शे.”

एवढं बोलून ते पान त्यांनी बाकीच्या पानांत ठेवलं. मी रडले, भांडले, त्या दिवशी ताटं वाढली नाहीत. वाक्य मला पटलं नव्हतं, पटायला पुढे फार वर्षं लागली. ते दोन्ही ठराव शेजारी शेजारी ठेवले की खोटं आपोआप उघडं पडत होतं, आणि खरं पान माझ्या पुस्तकात दडलेलं असताना ते कधीच उघडं पडलं नसतं, हे मात्र मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी अब्बांनी मला शाई आणि टाक दिला. सगळ्या पानांच्या कोपऱ्यात आकडे घाल म्हणाले, एकही जागा रिकामी नको, आणि शेवटच्या पानावर लिही की या वहीत एकूण इतकी पानं. कचेरीतल्या वह्यांना असा दाखला असतो हे त्यांनी बांधता बांधता पाहिलेलं होतं. मी आकडे घातले. मायचं पान एकसष्टावं आलं. बासष्टाव्या पानावर पुढचाच ठराव सुरू होत होता, मध्ये सुई शिरायलाही जागा राहिली नाही. मग त्यांनी रजिस्टर शिवलं, इतकं घट्ट की बोटं कापली.

अण्णा आले तेव्हा अब्बांनी रजिस्टर त्यांच्या हातात दिलं आणि वर ते सुटं पान ठेवलं. “अण्णा, जुना पानले सुईना भोक ऱ्हातस. याले एक बी नही शे. मी जुनं शिवस. हाई गावले इचारीसन लावा.” अण्णांनी अब्बांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, शाईनं भरलेल्या माझ्या बोटांकडे. आवाज चढवला नाही. बैलगाडीची आठवण करून दिली नाही, ती आम्हा तिघांनाही होतीच. रजिस्टर काखेत धरून ते गेले, आणि त्यानंतर त्यांच्या आठ-दहा गावांतली एकही वही आमच्याकडे आली नाही.

गावसभेत काय झालं ते झिमलीबाईनं येऊन सांगितलं. पायी आली होती, पाठीवर नातू. उठवायची बोलणी निघाली तेव्हा तिनं ठराव दाखवा म्हणून हट्ट धरला, आणि शाळेच्या मास्तरांनी रजिस्टर उघडून सगळ्यांसमोर पानं मोजली. दाखल्यातला आकडा आणि पानांचा आकडा जुळला. तसा ठराव कुठं नव्हता. झोपड्या राहिल्या. मी मोठ्या ऐटीत तिला सांगितलं की माझी माय अंगठेबहाद्दर नव्हती म्हणून हे पकडलं गेलं. झिमलीबाई हसली नाही. आपला अंगठा माझ्यापुढे धरला, काळा, भेगाळलेला. “पोरी, मन्हा अंगठा बी मन्हाच शे. त्याले कमी समजू नको,” म्हणाली. मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणाचा अर्थ मला तिच्याकडून कळला. खोटा अंगठा नव्हता, दुसऱ्याच्या नावानं तो लावणारा खोटा होता. सही असो की अंगठा, एका माणसाचा एकच. तिनं चहा घेतला आणि उन्हं उतरायच्या आत निघून गेली.

नंतरची दोन वर्षं वाईट गेली. अब्बा सकाळी दुकान उघडून बसत आणि दुपारी पथारीवर मिरची पसरायला जात. संध्याकाळी डोळे लाल, हातांची आग. मी ताकानं हात चोळून द्यायचे. गावाकडची ओळखीची माणसं बाजारात दिसली की दुसऱ्या रांगेनं जात. ईदला शिरखुर्मा केला तर पातेलं तसंच राहायचं. मी कुढायचे, पत्रं लिहायचे, अब्बा दोरा दातात धरून पुस्तकं दाबायच्या रिकाम्या शिकंज्याकडे बघत बसायचे. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही आणि एकदाही मला शाबासकी दिली नाही. कधी तरी दिली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

अब्बा जाऊन आता खूप वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. का, ते इथं सांगत बसत नाही. उलटं पुस्तक माझ्या उशाशी आहे, आता त्याचीही पानं सुटू लागलीत आणि ते बांधणारं नंदुरबारात कुणी उरलं नाही. दर वर्षी हिवाळ्यात मी रिक्षा करून त्या गावी जाते आणि पंचायतीत अर्ज देते, जुनं रजिस्टर बघायचं आहे म्हणून. पहिल्यांदा नव्या ग्रामसेवकानं विचारलं, आजी, काय काम आहे, जमिनीचं काही आहे का? मी म्हटलं, नाही बाबा, नुसतं बघायचं आहे, बघता येतं ना? तो म्हणाला, येतं की. त्यानं कपाटातून काढून, फुंकर मारून माझ्यापुढे ठेवलं. अब्बांची शिवण अजून हललेली नाही. मी एकसष्टावं पान काढलं. खाली तिची सही, वेलांटी तशीच वर घुसलेली. वर कोपऱ्यात माझ्या हातचा आकडा. दोघींचं अक्षर एका कागदावर असं सगळ्या जगात एवढंच आहे, आणि ते माझं नाही. थोडा वेळ बसले, मग रजिस्टर मिटून त्याला परत दिलं आणि कपाटाला कुलूप लागेपर्यंत तिथेच उभी राहिले.